फाइलीचे नाव

मुलांनो, तुमच्या हातातले पुस्तक छापले जाण्यापूर्वी संगणकात होते. पूर्वी उर्दू पुस्तके कातिब आपल्या सुंदर अक्षरात कागदावर लिहीत. त्या पानांचा गठ्ठा डोळ्यांना दिसे, हाताला लागे. संगणकातली पाने मात्र ओळखायची ती फाइलीच्या नावावरून.

हे नाव कसे फसवते पाहा. समजा, एका पुस्तकाची मुद्रिते तपासून झाली. फाइलीला नाव दिले 'अंतिम'. मग एक चूक सापडली. ती सुधारून नवी फाइल केली, 'अंतिम नवीन'. लेखकाने आणखी एक ओळ बदलली. आता झाली 'अंतिम नवीन खरी'! छापखान्यातल्या माणसाने यांतली कोणती घ्यावी? त्याने जुनी घेतली, तर सुधारलेली चूक हजार प्रतींत पुन्हा छापली जाईल. कागदावर उमटलेली शाई काही पुसता येत नाही.

म्हणून 'अंतिम' हा शब्द नकोच. त्याऐवजी तारीख लिहावी. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. उदाहरणार्थ, 'भूगोल-मजकूर-२०२५-०३-०९'. अशा फाइली नावाप्रमाणे लावल्या, की आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

प्रकरणांचे क्रमांकही जपून द्यावेत. पुष्कळदा संगणक आकड्याची किंमत पाहत नाही, एकेक चिन्ह वाचतो. मग १ च्या पाठोपाठ १० येतो आणि २ मागे राहतो. ०१, ०२ असे लिहिले, की क्रम बिघडत नाही. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, असे गणितात म्हणतात. इथे ती असते!

उर्दू पुस्तकाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पाने छापतात, एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. याला फर्मा म्हणतात. एक कागद तीन वेळा दुमडा. कडा न कापता, उचलून पानांवर क्रमाने आकडे घाला. आता कागद उलगडा. पान १ च्या शेजारी २ नाही, १६ दिसेल! मराठी पुस्तकात हे सोळावे पान पहिल्याच्या डावीकडे येते. उर्दू पुस्तकाची बांधणी उजवीकडे असते, म्हणून ते उजवीकडे यायला हवे. छापखान्याला हे कळले नाही, तर पाने उलट्या क्रमाने बांधली जातील. तेव्हा छपाईला जाणाऱ्या फाइलीच्या नावातच 'उर्दू-उजवी-बांधणी' असे लिहून टाकावे.