पालेभाजी, पच्चक्खाण आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी

हृदयाची झडप बदलून रुग्ण घरी परतला की आप्तेष्टांना वाटते, संकट टळले. शस्त्रक्रिया झाली, देणीघेणी चुकती झाली, आता केवळ विश्रांती आणि मुगाचे पाणी. परंतु ज्याच्या हृदयात कृत्रिम धातूची झडप बसविली आहे, त्याची शुश्रूषा त्या दिवसापासून आरंभ होते आणि जन्मभर चालते. ती करणारी व्यक्ती बहुधा घरातील सून, पत्नी किंवा आई असते. रुग्णालयातून निघताना परिचारिका घाईघाईने जे चार शब्द सांगते, तेवढ्यावर तिला निभावून न्यावे लागते. ते शब्द सविस्तर समजून घेण्याचा हा प्रयत्न.

झडप मुळात बिघडते कशाने? आपल्या देशात तरुण वयात झडप खराब होण्याचे मोठे कारण संधिवाती ज्वर हे आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा विशिष्ट जंतूंमुळे सुजतो आणि चार दिवसांत बरा होतो. मात्र त्या जंतूंशी लढण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिकारशक्ती काही मुलांच्या बाबतीत घरच्यांनाच परके समजू लागते, कारण जंतूच्या व हृदयाच्या काही प्रथिनांची ठेवण एकसारखी असते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असे सांधे आळीपाळीने दुखतात. सांध्यांचे दुखणे मागे काही न ठेवता जाते, झडपेवरील व्रण मात्र राहतो. अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. ते फार दुखते, मूल रडते, आईचे मन द्रवते आणि एखादी पाळी चुकते. ही माया महाग पडते.

व्रण वाढून झडप अरुंद झाली किंवा गळू लागली की शस्त्रक्रिया येते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखाली देशी झडप तयार झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. धातूचा सांगाडा आणि त्यात उघडमीट करणारी प्लास्टिकची चकती, अशी तिची रचना. झडप देशी असो वा विदेशी, अशा परक्या पृष्ठभागावर रक्त गोठू पाहते. गाठ झडपेत अडकली तर झडप बंद पडते, सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून वॉरफॅरिन किंवा त्याच वर्गातील ॲसिनोकुमारॉल ही गोळी आयुष्यभर.

या गोळीचा इतिहास आपल्या वाचकांना थोडा अस्वस्थ करील. १९२० च्या दशकात कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी आलेले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ मध्ये एक शेतकरी हिमवर्षावातून मेलेली कालवड आणि डबाभर न गोठलेले रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्यातून पुढे निघालेले वॉरफॅरिन १९४८ मध्ये बाजारात आले ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून! १९५४ पासून ते माणसांना देण्यात येऊ लागले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकारानंतर ते मिळाले. जी वस्तू आपण उंदरासाठीही घरात आणणार नाही, ती आज कित्येक घरांत प्राणरक्षक म्हणून आहे. मात्रा जास्त झाली तर ती आपला मूळ गुण दाखविते, हेही तितकेच खरे.

यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने रक्त गोठविणारे घटक तयार करते. गोळी त्या जीवनसत्त्वाच्या पुनर्वापरात अडथळा आणते. हे जीवनसत्त्व सर्वाधिक असते मेथी, पालक, कोथिंबीर, कोबी अशा भाज्यांत. आता आपल्या पंचांगाकडे पाहावे. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य. काही घरांत तर फाल्गुन चौमासीपासूनच. तिथीला हिरवे बंद. ओळीच्या आयंबिलात तूप-तेल आणि भाजी दोन्ही नाहीत. अठ्ठाईत तर केवळ उकळलेले पाणी. गोळीची मात्रा तीच आणि जीवनसत्त्व मात्र कमी, म्हणजे रक्त प्रमाणाबाहेर पातळ. कार्तिकी पौर्णिमेनंतर घरात मेथीच्या जुड्या येऊ लागल्या की उलट घडते: गोळी अपुरी पडते आणि गाठीचे भय वाढते. ‘पालेभाजी बंद करा’ असा सल्ला अनेकदा कानी पडतो. तो अर्धवट आहे. भाजी खावी की सोडावी यापेक्षा ती एकसारखी असावी, आणि बदलणार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, हे महत्त्वाचे. आहार बदलल्यावर आठ-दहा दिवसांत आयएनआर ही रक्ततपासणी करून घ्यावी. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. धातूच्या झडपेसाठी तो झडपेच्या जागेनुसार साधारण २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ ठेवतात. आपला आकडा कोणता, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. दीर्घ उपवासाचा विचार अशा रुग्णाने परस्पर करू नये. पच्चक्खाणातच आजारपणासाठी समाधीचा आगार ठेवलेला आहे. गुरुमहाराजांना आजार स्पष्ट सांगितल्यास मार्ग निघतो.

गोळी सहसा संध्याकाळी देतात, कारण सकाळी तपासलेल्या रक्ताचा आकडा दुपारपर्यंत हाती येतो आणि त्याच दिवशी मात्रा बदलता येते. चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतूप्रमाणे वेळ सरकवीत बसण्यापेक्षा सायंकाळी पाच ही बारमाही वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये.

हिशेब ठेवणे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. एक छोटी वही रोजमेळाप्रमाणे लिहावी: तारीख, गोळीची मात्रा, आयएनआर, नवे औषध, उपवास. जंतुनाशके, विशेषतः जुलाबासाठी दिले जाणारे मेट्रोनिडाझोल, हा आकडा झपाट्याने वाढवितात. अंगदुखीची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी गोळी दुकानातून परस्पर आणू नये. वैद्यांचे काढे व चूर्णेही वहीत नोंदवावीत. दात काढण्यापूर्वी ही वही दंतवैद्यांना दाखवावी. त्यांना जंतुनाशकाची पूर्वमात्रा द्यावी लागते, अन्यथा तोंडातील जंतू झडपेवर घर करतात. शेजारच्या गृहस्थांना तपासणी न लागणारी नवी गोळी मिळाली म्हणून तिचा आग्रह धरू नये. धातूच्या झडपेला ती चालत नाही.

हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, डांबरासारखा काळा शौच, लालसर लघवी दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. डोक्याला मार लागला तर रुग्ण बरा दिसत असला तरी लगेच रुग्णालय गाठावे. झडपेचा टिकटिक आवाज अचानक मंदावला, धाप लागली, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर वाट पाहण्यास वेळ नाही.

शेवटी एक गोष्ट, जी घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. झडप बसविलेल्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात हा आजार लपविला जातो. वॉरफॅरिन गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अपाय करू शकते; आणि गोळी एकाएकी सोडली तर मातेच्या जिवावर बेतते. म्हणून दिवस राहण्याच्या आधीच हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून औषधाची आखणी करावयाची असते. सासरी वही लपवून, चोरून गोळी घेणाऱ्या मुलीला ही आखणी कोण करून देणार?