प्रसूतिकक्षातील पंखा बंद का करतात?

वैशाखातील दुपारी प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर बसण्याची वेळ आली, तर आतून सिस्टरांचा आवाज ऐकू येतो, "पंखा बंद करा, दार लावून घ्या!" बाहेर घामाघूम झालेल्या मंडळींना हा हुकूम विचित्र वाटतो. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी मलाही तो तसाच वाटला होता. आणि मी तर तेव्हा महाविद्यालयात उष्णता हाच विषय शिकवीत होतो!

आईच्या पोटात बाळाच्या भोवती शरीराइतकेच उबदार गर्भजल असते. जन्मताच ते ओल्या अंगाने खोलीत येते. प्रसूतिकक्षाचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे इतकी काळजी घेऊनही बाळाच्या दृष्टीने भोवतालचे तापमान क्षणात सुमारे १० अंशांनी उतरते. त्यात अंग ओले. माठातले पाणी गार का होते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. इथे माठाच्या जागी बाळ असते.

आता थोडे गणित करू. पाण्याच्या बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा पुस्तकात ग्रॅमला ५४० कॅलरी दिलेला असतो, पण तो १०० अंशांना. शरीराच्या तापमानाला तो ५८० च्या आसपास असतो. बाळाच्या अंगावरील केवळ १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे पाणी वाळले, तर ५,८०० कॅलरी खर्च होतील. बाळाचे वजन ३ किलोग्रॅम आणि शरीराचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.८३ धरला, तर त्याचे तापमान १ अंशाने उतरायला साधारण २,५०० कॅलरी जाव्या लागतात. सगळी उष्णता बाळाकडूनच घेतली गेली, तर तापमान दोन अंशांहून अधिक घसरेल. गणित ढोबळ आहे खरे; थोडी उष्णता हवेतूनही मिळते आणि बाळ स्वतःही ती निर्माण करते. पण उघड्या, ओल्या बाळाचे तापमान पहिल्या १०-२० मिनिटांत २ ते ४ अंशांनी उतरू शकते, हे प्रत्यक्षातही दिसते.

म्हणूनच परिचारिका आधीपासून दोन कोरडी, ऊबदार फडकी तयार ठेवते. पहिल्याने बाळाला डोक्यापासून पायापर्यंत पुसते आणि ते ओले फडके लगेच बाजूला टाकते. ते तसेच गुंडाळून ठेवले, तर पुसण्याचा उपयोग काय? दुसऱ्या फडक्याने बाळाला झाकते आणि डोक्याला टोपी घालते, कारण नवजात बाळाच्या पृष्ठभागात डोक्याचा वाटा मोठा असतो. पुसताना होणाऱ्या चोळण्याने बाळाच्या श्वासालाही चालना मिळते. अंगावरचा पांढरट चिकट थर मात्र ती खरवडून काढीत नाही.

साठ किलोच्या माणसाला एवढी काळजी लागत नाही, ती का? त्याचे वजन बाळाच्या २० पट. पण त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे ८ पटच. म्हणजे दर किलोमागे बाळाची त्वचा अडीच पट. उष्णता तयार होते शरीराच्या आत आणि निसटते पृष्ठभागावरून. तेव्हा लहान जीव लवकर गार होणारच. शिवाय थंडी वाजली की आपण कुडकुडतो, ते बाळाला नीटसे जमत नाही. त्याच्या मानेजवळ आणि खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तपकिरी रंगाची खास चरबी असते. ती जाळून ते ऊब मिळवते. पण त्यासाठी प्राणवायू आणि रक्तातील साखर दोन्ही खर्ची पडतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ ही चरबी थोडीच असते. त्याचे गार पडणे जिवावर बेतू शकते.

बाकीच्या वाटाही परिचारिकेला बुजवाव्या लागतात. पंख्याचा झोत अंगालगतची ऊबदार हवा उडवून लावतो. वजनकाट्याचे धातूचे ताट वहनाने उष्णता खेचते, म्हणून त्यावर आधी कापड घालायचे आणि मग काटा शून्यावर आणायचा. प्रारणाची वाट सर्वांत फसवी. खोलीतील हवा उबदार असली, तरी जवळच्या गार भिंतीकडे बाळाची उष्णता जातच राहते. म्हणून बाळाला भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर ठेवतात. याच प्रारणाचा उलट उपयोगही होतो. बाळाला श्वासासाठी मदत लागली, तर ज्या तापकाखाली ठेवतात, तो वरून अवरक्त किरण सोडतो. त्याच्याखाली कुणी डोके घालून वाकले, की बाळावर सावली पडते!

बाळ ठणठणीत असेल, तर मात्र आईची छाती हाच उत्तम तापक. उघडे बाळ त्वचेला त्वचा लावून तिच्या छातीवर ठेवायचे आणि वरून दोघांना पांघरूण घालायचे. वहन इथे बाळाच्या बाजूने काम करते. कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांसाठी हीच पद्धत सुरू केली. तिला 'कांगारू' पद्धत म्हणतात.

पहिली आंघोळही शक्यतो २४ तासांनंतरच घालायची असते. यावरून घरच्या आजी आणि सिस्टर यांची बऱ्याचदा जुंपते. पदार्थविज्ञान सिस्टरांच्या बाजूचे आहे.

बाळाच्या काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असावे. तापमापक हाताशी नसेल, तर अनुभवी परिचारिका हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचे पोट आणि मग तळपाय चाचपते. दोन्ही उबदार असतील, तर ठीक. पोट उबदार पण तळपाय गार, तर बाळ गारठू लागले आहे. त्याला आईच्या छातीशी घेऊन पांघरूण वाढवायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा हात लावून पाहायचे. दोन्ही गार लागले, तर लगेच ऊब द्यायला सुरुवात करायची आणि त्याच वेळी डॉक्टरांना हाक मारायची.