घोडीला सोबत हवी, पण कुणाची?

मैत्रिणींनो, माणसाला एकटेपणा खातो हे आपण नेहमी बोलतो. पण घोडीला खातो असं कुणी म्हटलं तर? आमच्या शहापुरात बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा बायका आधी हसल्याच. गटातल्या एका ताईकडे वरातीच्या दोन घोड्या होत्या. म्हातारी पावसाळ्यात गेली. तेव्हापासून राहिलेली घोडी रात्र रात्र खिंकाळते, खुंट्याभोवती फिरत राहते, अर्धा चारा टाकते. "घर तिच्यावरच चालते. हीपण गेली तं कसं करू जी, काकू?" ताईने विचारलं आणि हसणं तिथेच थांबलं.

तिच्या मुलाने मोबाइलवर उपाय शोधून ठेवला होता. शेटलंडचं तट्टू! डोळ्यांवर झुलणारी आयाळ, आपल्या कमरेएवढी उंची. घोडीला सोबत होईल आणि वाढदिवसाला लेकरांना बसवून चार पैसेही मिळतील, असा त्याचा हिशेब.

मुलाची अर्धी गोष्ट खरी आहे हो. घोडा हा कळपातला प्राणी. तो उभ्यानेही डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं व्हावं लागतं, आणि जवळ कुणी जागं असलं की तो निर्धास्त आडवा होतो. म्हणून जगभर एकट्या घोड्याजवळ दुसरं तट्टू किंवा चक्क बकरीसुद्धा बांधतात.

पण शेटलंडचंच तट्टू का? ही जात स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरची. गार वारा आणि तुटपुंजं गवत यांवर वाढलेली. उंची फार तर 42 इंच, पण अंगात ताकद भारी. ब्रिटनमध्ये 1842 साली कायदा झाला आणि बायका, मुली व दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली खाणीत कामाला नेणं बंद झालं. त्याआधी कोळशाच्या गाड्या बायका-पोरं ओढत होती! पुढे ते ओझं या बुटक्या तट्टांच्याही मानेवर आलं. किती तरी तट्टांचं आयुष्य खाणीच्या अंधारातच गेलं. बाईची सुटका झाली ती मुक्या जनावराच्या जिवावर, हे वाचून मला रात्री बराच वेळ झोप आली नाही.

आता त्या दाट केसांच्या जनावराला भंडाऱ्याच्या मे महिन्यात उभं करायचं? पारा 45 च्या घरात जातो तेव्हा आपल्यालाच पळसाच्या सावलीलाही चटके बसतात. शिवाय या जातीला जास्त खाऊ घातलं की ती लगेच सुटते, खुरांना सूज येऊन पाय टेकवेना होतात. आयुष्य 25-30 वर्षांचं. म्हणजे मुलगा उद्या नोकरीसाठी नागपूरला गेला की लीद काढायला कोण? ताईच! हा प्रश्न मी बैठकीत विचारला, तेव्हा मुलगा गप्प झाला. परदेशातून जनावर आणायचं तर सरकारी परवानगी आणि आरोग्याचे दाखले लागतात, ते वेगळंच.

सोबतच हवी तर आपल्याकडे काय कमी आहे? धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर चालणारी भीमथडी तट्टं आहेत, काटक आणि उन्हाला सरावलेली. मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मात्र तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला. आणि कुठूनही आणा, रक्त तपासल्याशिवाय तट्टू दारात घेऊ नये. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, आणि तो निघाला तर जनावर मारावं लागतं. गाढव स्वस्त पडेल असंही एकीने सुचवलं, पण त्याच्या फुफ्फुसातले जंत घोडीला लागू शकतात.

आणखी एक गोष्ट ताईच्याच लक्षात आली, आपल्या कुणाच्याही नाही. लग्नसराईत घोडी रात्री वरातीला गेली की मागे राहिलेलं तट्टू एकटं पडणार. म्हणजे घरात एका रडणाऱ्या जनावराच्या जागी दुसरं!

शेवटी आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचं ठरलं. घोडी चारा टाकते ती दुःखानेच, असं कशावरून? दातांना धार आली, पोटात जंत झाले तरी ती खात नाही. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट बिघडलं की जिवावर बेततं. बुरशी आलेलं तणस तर तिच्यापुढे टाकूच नये, आणि गाईची ढेपही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

तोवर ताईने घरची बकरी घोडीच्या नजरेसमोर, पण लाथ लागणार नाही इतक्या अंतरावर बांधली आहे. बकरीचा चारा वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर ती बया घोडीच्या टोपल्यातही तोंड घालते. तट्टाचं काय ते लग्नसराईचा हिशेब लागल्यावर बघू, असं ताई म्हणते. मुलाला मात्र तिने आतापासूनच रोज सकाळी लीद काढायला लावलं आहे.