मेलेला स्नायू आणि मलूल स्नायू

शिरूर किंवा दौंड तालुक्यात छातीत दुखायला लागलं की पहिला संशय पित्तावर जातो. मग ईसीजी, मग ‘पुण्याला हलवा’, आणि नगर रस्त्याने नाहीतर सोलापूर महामार्गाने तासा-दोन तासांचा प्रवास. तोवर रक्तवाहिनी उघडण्याची मोलाची वेळ निघून गेलेली असते. पुढे टूडी इकोत ‘पंपिंग तीस टक्के’ असा आकडा हाती येतो. हृदय किती आकुंचन पावतं, एवढंच तो सांगतो. न हलणारा भाग मेलाय की रक्ताअभावी मलूल पडलाय, हे त्यातून नीट कळत नाही. हृदयाच्या एमआरआयची गेल्या चाळीस वर्षांतली खरी कमाई मला या प्रश्नाच्या उत्तरात दिसते. म्हणूनच हे तंत्र उशिरा पोचणाऱ्या रुग्णाच्या अधिक कामाचं आहे.

१९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून पहिली प्रतिमा मिळवली, पण सतत धडधडणारं हृदय त्या संथ यंत्राच्या आवाक्याबाहेर होतं. ऐंशीच्या दशकात ईसीजीच्या ठोक्याशी चित्रण जुळवता आलं, पुढे एका रोखलेल्या श्वासात चित्र निघू लागलं. तरीही ही प्रगती चित्र स्पष्ट होण्याचीच होती. वळण आलं २००० साली, रेमंड किम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने. शिरेतून गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारं द्रव्य दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ते निरोगी स्नायूतून बरंचसं ओसरतं, मेलेल्या भागात मात्र रेंगाळतं आणि तो पांढरा उजळून दिसतो. दुबळ्या भागांपैकी ज्यांत असा व्रण नव्हता, त्यांतले ७८ टक्के रक्तपुरवठा पूर्ववत केल्यावर सुधारले. जिथे व्रणाने तीन चतुर्थांशाहून अधिक जाडी व्यापली होती, अशा ५८ भागांपैकी फक्त एक.

यावर वजनदार आक्षेप आहे. २०११ च्या ‘स्टिच’ आणि २०२२ च्या ‘रिव्हाइव्हड’ या दुबळ्या हृदयाच्या रुग्णांवरच्या उपचार-चाचण्यांच्या विश्लेषणात, जिवंत स्नायू जास्त म्हणून बायपास किंवा स्टेंटचा फायदा जास्त, असं दिसलं नाही. हे मान्यच करायला हवं. पण ‘स्टिच’मधल्या तपासण्या एमआरआयच्या नव्हत्या, आणि ‘रिव्हाइव्हड’मध्ये व्रण किती मोठा यावरून रुग्णाचं पुढचं भवितव्य मात्र कळत होतं. म्हणजे ही तपासणी स्टेंटचा हुकूम देत नाही. पुढे काय अपेक्षा ठेवायची ते सांगते. जमीन गहाण टाकायला निघालेल्या कुटुंबासाठी ही माहिती लहान नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. तालुक्यात आधी ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळावं, हे निर्विवाद. एमआरआय त्याची जागा घेत नाही. पण महाग म्हणजे कायमच आवाक्याबाहेर, असंही नाही. थायलंडमध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या हृदयातलं लोह मोजणारी तपासणी २०१६ च्या अभ्यासात सुमारे आठ मिनिटांवर आणली गेली, पेरूमध्ये गॅडोलिनियमसह हृदयाची तपासणी वीसेक मिनिटांत बसवली गेली. दीड टेस्लाच्या नेहमीच्या यंत्राला हृदयाचं सॉफ्टवेअर आणि ते वाचणारा जाणकार मिळाला की बरंच काम होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवतानाच्या चिठ्ठीत दुखणं कधी सुरू झालं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) किती आणि पेसमेकर आहे का, एवढं लिहिलं तरी पुढची निम्मी धावपळ वाचते.