विणकरांच्या गावचा आणखी एक विणकर

इचलकरंजी म्हटलं, की लोकांना आठवतो मागांचा खडखडाट. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हा आवाज गावाच्या अंगवळणी पडलेला आहे. पण गाव मागे टाकून मळ्यांकडे वळलं, की माग थांबतात आणि ऊस सुरू होतो. आमचं घर तिकडेच, मळ्यात. सकाळचे दोन-तीन तास मी शाळेत शिकवते, बाकीचा दिवस घरी. शेजारी म्हणाल तर माणसं कमी, पाखरंच जास्त!

पण मैत्रिणींनो, या शेजाऱ्यांनी करमणुकीची ददात ठेवलेली नाही. सातभाईंचंच बघा. मळकट रंगाची सहा-सात जणांची टोळी दिवसभर परसात पालापाचोळा उलटत फिरते आणि सारखी कचाकचा भांडते. ऐकणाऱ्याला वाटावं, आज नक्की वाटण्या होणार. पण मांजराची नुसती शेपटी दिसू दे, सगळे एका फांदीवर गोळा होऊन असा कालवा करतात, की मांजरच वरमून निघून जातं. दुपारी बघावं तर तेच भांडखोर एकमेकांना खेटून बसलेले, एक दुसऱ्याची मान विंचरतोय. एकत्र कुटुंबातली सून असल्यामुळे मला ही मंडळी अगदी घरची वाटतात. आणि इतकी हुशार मंडळी फसतात कुणाला? तर 'पेरते व्हा' म्हणून शेतकऱ्याला जागं करणाऱ्या पावशाला! त्याची मादी आपलं अंडं गुपचूप यांच्या घरट्यात ठेवून जाते आणि हे सातजण ते परकं पोर वाढवतात.

कावळा तर निव्वळ बेरकी. वाळकी भाकरी टाकली, की पाण्याच्या परळात बुडवून, मऊ करून खाणार. दात नसलेल्या आजोबांसारखं!

पक्ष्यांच्या नावांत मात्र आपण बराच घोटाळा करून ठेवला आहे. गोड गळ्याच्या बाईला आपण कोकिळा म्हणतो. प्रत्यक्षात गातो तो काळाकुळकुळीत नर. ठिपक्याठिपक्यांची मादी नुसतं 'किक् किक्' करते. सुगरणीचं नेमकं तसंच. बहिणाबाईंमुळे हे पाखरू मराठी घराघरांत पोचलं आणि नावामुळे आपण धरूनच चाललो, की खोपा विणते ती बाई. विणणारा असतो बाप्या!

आमच्या विहिरीवर एक बाभूळ ओणवी झाली आहे. पावसाळा लागला, की तिच्या पाण्यावरच्या फांद्यांना खोपे लटकू लागतात. एरवी चिमणीसारखा दिसणारा नर तेव्हा डोक्यावर आणि छातीवर पिवळाधमक होतो. उसाच्या नाहीतर गवताच्या पात्याला कडेला चोच मारायची, पातं धरून उडायचं, की लांब पट्टी सोलून येते. असा एकेक धागा आणून गाठी मारत, ओवत, शेकडो खेपा करून त्याचं विणकाम चालतं. शेजारी जरा उडाला, की त्याच्या खोप्यातला धागा ओढून आणायलाही हा मागेपुढे बघत नाही. सूतचोरी आमच्या गावाला नवी नाही, पण इतकी उघड नाही हो!

खोपा अर्धा, उलट्या टोपीसारखा झाला, की काम थांबतं. आता माद्या येतात पाहणीला. नर पंख फडफडवून, चिवचिवाट करून जाहिरात करत असतात. मादी आत शिरते, इकडे ओढून बघते, तिकडे टोचून बघते. दहा पातळं उलगडायला लावून 'नंतर येते' म्हणणारं गिऱ्हाईकच जसं! पसंत पडलं तरच नर अंड्यांची खोली पुरी करतो आणि खाली लांब नळी विणतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. आणि पुरा झाला, मादी अंड्यांवर बसली, की हे गृहस्थ शेजारी दुसरा खोपा सुरू करतात, दुसरीसाठी! उबवणं आणि बहुतेक सगळं भरवणं तिच्या वाट्याला. ही सगळी हकीकत नीट लावली सलीम अलींनी, १९३० साली अलिबागजवळ किहीमला, हाताला नोकरी नव्हती त्या दिवसांत.

गेल्या श्रावणात भाऊजींनी कुऱ्हाड काढली. बाभळीचे काटे विहिरीत पडतात, सावलीनं बांधालगतचं पीक खुरटतं, आणि ही पाखरं दाणे भरले की कणसांवर उतरतात. यातलं काही खोटं नाही. ज्यानं गोफण घेऊन उन्हात उभं राहायचं त्याला पाखरांचं कौतुक कुठून असणार? मी म्हटलं, "भाऊजी, पिल्लांना ती अळ्या नि नाकतोडेच भरवतात, तेही आपल्याच शेतातले." ते हसले फक्त. शेवटी सासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "बाळंतीण आत असताना घर पाडतं का रे कुणी?" पंधरवडा अंडी उबवायला, जवळजवळ तेवढेच दिवस पिल्लं उडायला, दिवाळीनंतर बघू, असं ठरलं. दिवाळीनंतर लांबलेल्या दोन फांद्या तोडल्या, झाड राहिलं. यंदा काय होईल ते भाऊजींच्या मर्जीवर आहे.

आपल्या गावासाठी एक सांगायचं राहिलं. मागावरच्या सुताचे लांब तुकडे गच्चीवर, अंगणात टाकू नका. बुलबुल, चिमण्या ते घरट्यासाठी उचलतात. कापसाचा धागा तुटतो तरी. पॉलिएस्टरचा पिल्लाच्या पायाला वेढला, की सुटत नाही. टाकायचाच तर बोटभर तुकडे करून टाका.

आणि दिवाणखान्यात खोपे टांगायची हौस बऱ्याच जणींना आहे. विकत घेताना विचारा तरी, कधी उतरवला म्हणून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपाखरांची अंडी-घरटी विस्कटणं शिकारीतच धरलं आहे. रिकामा खोपासुद्धा रिकामाच असतो असं नाही. विणकर निघून गेल्यावर मुनिया त्यात बिऱ्हाड करतात. आमच्या बाभळीवर संक्रांतीच्या सुमाराला नळीतून डोकं बाहेर काढलेलं दिसतं, ते त्यांचं.