मे महिना सरल्यावरचं मालवण

मे महिन्यात मालवणला गेलेल्या माणसाला मालवणकर कमी आणि मुंबई-पुणे-कोल्हापूरकर जास्त भेटतात. चाकरमानी गावी आलेले असतात, पाहुण्यांच्या गाड्यांनी तारकर्लीचा अरुंद रस्ता अडलेला असतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी बंदर जेटीवर भर उन्हात रांग लागलेली असते. शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आले की ही गर्दी ओसरते. महिनाअखेरीला किल्ल्याच्या होड्या थांबतात, जलक्रीडेचा पसारा आवरला जातो आणि सीझन संपला असं सगळे म्हणू लागतात.

संपतो तो पर्यटनाचा सीझन. समुद्रावर पोट असलेल्या गावाचं वर्ष मात्र पावसाच्या हिशेबानं चालतं आणि त्याची नवी सुरुवात श्रावणात होते. ते वर्ष समजून घेऊन गेलं, तर जून ते फेब्रुवारी या काळात मालवण दर दोन महिन्यांनी वेगळं दिसतं. मे महिन्याच्या उकाड्यात यातलं फारच थोडं हाती लागतं.

खडकांनी राखलेलं बंदर

उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या मुखावर सर्जेकोट, दक्षिणेला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे देवबाग. या दोन टोकांमध्ये चिवला, राजकोट, बंदर, दांडी, वायरी आणि तारकर्ली असा किनारा पसरला आहे. मालवणसमोरचं पाणी दिसायला शांत, पण त्याखाली खडकांची दाटी आहे. वाट ठाऊक नसलेल्या जहाजाला इथे शिरणं धोक्याचं. याच खडकांच्या भरवशावर शिवाजी महाराजांनी कुरटे बेटाची निवड केली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि साधारण तीन वर्षांत सुमारे ४८ एकरांच्या बेटाला तटाचा वेढा पडला. किनाऱ्यावर ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून ओळखला जाणारा, गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेला खडक आहे. किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा तिथे झाली, असं गाव सांगतं. पुढे १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. ते नाव टिकलं नाही.

किल्ल्याला राखणाऱ्या या खडकांवरच प्रवाळ वाढतं. म्हणून १९८७ मध्ये इथलं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगड येतात.

जून-जुलै : बंद दर्या

पावसाळ्यात किल्ल्यावर जाता येत नाही, हे मनाशी पक्कं करूनच निघावं. होड्या साधारण सप्टेंबरपासून पुन्हा सुरू होतात. पण किल्ला पाहायला राजकोटासारखी जागा नाही. लाटा तटावर आपटून फुटतात, सरीमागून सर येते आणि मधूनच अख्खं बेट दिसेनासं होतं. साडेतीनशे वर्षं हा मार खाऊन तट कसा उभा राहिला, हा प्रश्न इथे उभं राहिल्यावरच खरा पडतो. याच राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनाच्या निमित्तानं उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि मे २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला. या किनाऱ्यावर बांधकाम करायचं म्हणजे कशाशी गाठ आहे, हे पावसातल्या राजकोटावर समजतं.

यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ आणि दर्याही खवळलेला. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात, घरोघरी जाळी विणणं आणि दुरुस्त करणं चालू असतं. देवबागला हेच दिवस काळजीचे. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये जेमतेम एक चिंचोळी पट्टी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी माडांच्या बागेत शिरतं. धूप थांबवण्यासाठी दगडी बंधारे घातले आहेत, तरी प्रत्येक पावसाळ्यात गावाची नजर समुद्रावरच असते. उन्हाळ्यात इथली खोली आरक्षित करणाऱ्या पाहुण्याला या पट्टीची ही बाजू माहीत नसते.

ताटही बदलतं. पापलेट-सुरमईचा हट्ट धरणाऱ्यानं या दिवसांत येऊ नये. खाडीतल्या कुर्ल्या, पहिल्या पावसात ओहोळातून वर चढणारे चढणीचे मासे, उन्हाळ्यात खारवून ठेवलेला सुका बांगडा आणि सुंगटं हा पावसाळ्याचा जेवणातला आधार. त्याच्या जोडीला टाकळा, अळंबी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी. ही ताटं मोठ्या हॉटेलात क्वचित दिसतात. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर मिळतात.

किनारा सोडून आत

पावसाळ्यात मालवण तालुका समुद्राकडे पाठ करून पाहावा. धामापूरचा तलाव १५३० चा. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडी आणि पाण्यावर उतरलेले ढग. शेतीला पाणी पुरवणारा हा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत गेला. मालवणात आलेल्यांपैकी बरेच जण तिथे फिरकतही नाहीत. वाटेत दोन्ही बाजूंना भाताची लावणी चाललेली असते. कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. कोकणच्या कातळशिल्पांचं जे नामांकन २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं, त्यात कुडोपीचाही समावेश आहे. पावसात सड्यावर रानफुलं असतात. चित्रं मात्र गवत वाळल्यानंतर नीट दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी नोव्हेंबरनंतर जावं.

नारळ पडल्यावर

श्रावणी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर सारं गाव लोटतं. आधी किल्ल्यावरून मानाचा नारळ सागराला अर्पण होतो, मग शहरवासी आपापले नारळ घेऊन पुढे होतात. नारळ लढवण्याच्या स्पर्धा लागतात, त्यात बायकाही हिरिरीनं उतरतात. सरकारी बंदी आधी उठली, तरी पारंपरिक मच्छीमाराच्या लेखी दर्या खुला होतो तो या दिवसापासून. मालवण एकाच दिवसात समजून घ्यायचं असेल, तर हाच दिवस निवडावा.

त्यानंतर येणारी गणेशचतुर्थी पर्यटकानं टाळलेली बरी. त्या दिवसांत गाव पुन्हा चाकरमान्यांनी भरतं, रेल्वेची तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात आणि घराघरांत भजनं चालू असतात. तो घरचा सण आहे. कुणी घरी बोलावलं तर आनंदानं जावं. नुसतं फिरायला जाणाऱ्यानं सप्टेंबरअखेर ते दिवाळी हा काळ पाहावा. ऑक्टोबरचा उकाडा जाणवतो, पण भात पिवळं पडलेलं असतं, किनारे मोकळे असतात आणि रापण सुरू झालेली असते.

रापण ही इथली जुनी सामूहिक मासेमारी. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडतात आणि किनाऱ्यावरची माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढत ते बाहेर काढतात. मिळालेल्या मासळीत वाटे ठरलेले असतात. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीनं या लोकांच्या पोटावर पाय आणला आहे आणि त्यावरून इथे वर्षानुवर्षं संघर्ष चालू आहे. रापण पाहताना फोटो काढण्यापेक्षा दोराला हात लावावा, नको तिथे मध्ये उभं राहू नये.

दिवाळीच्या पाडव्याला ग्रामदैवत रामेश्वर-नारायणाची पालखी शहरात फिरते. बाजारपेठ दिव्यांनी उजळलेली असते आणि पालखीच्या वाटेवर मालवणकर दाटीवाटीनं उभे असतात. बाहेरच्या माणसांची गर्दी अजून व्हायची असते.

थंडीतला निळा किनारा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा समुद्राच्या दृष्टीनं सर्वांत चांगला काळ. पावसाळ्यातला गाळ खाली बसतो, पाणी निवळतं आणि खडकांवरचं प्रवाळ दिसू लागतं. स्कूबा डायव्हिंगसाठी हेच महिने धरावेत. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पाण्याखाली गेल्यावर एवढंच ध्यानात ठेवावं की हे अभयारण्य आहे. प्रवाळावर पाय देणं, तुकडा तोडून आणणं किंवा माशांपुढे पाव-बिस्किटं टाकणं हे तिन्ही गुन्हे समजावेत. सकाळी देवबागच्या संगमापुढे डॉल्फिन दिसतात. मात्र त्यांच्यामागे होडी पळवण्याचा आग्रह नाखव्याकडे धरू नये.

पद्मगडाला ओहोटीच्या वेळी दांडीच्या बाजूनं चालत जाता येतं. भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिक माणसाला विचारूनच पाऊल टाकावं, कारण परतीची वाट पाण्याखाली जायला वेळ लागत नाही. सिंधुदुर्गावर या दिवसांत सवडीनं फिरता येतं. बाहेरून चटकन न दिसणारा दरवाजा, राजाराम महाराजांच्या काळातलं श्रीशिवराजेश्वराचं देऊळ आणि चहूकडे खारं पाणी असताना गोडं पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी. किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात.

संध्याकाळ जत्रांसाठी राखावी. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार रंगतो. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीतली भराडीदेवीची जत्रा बहुधा फेब्रुवारीच्या आसपास येते. तिची तारीख पंचांगात सापडत नाही. दर वर्षी देवीच्या कौलानं ती ठरते आणि जाहीर झाली की मुंबईतल्या चाकरमान्यांची धांदल उडते. त्या दिवशी लाखोंची गर्दी असते, हे लक्षात ठेवून राहण्याची सोय आधी करावी.

जाण्यापूर्वी

मालवणात रेल्वे नाही. कुडाळ स्थानक सुमारे ३० किलोमीटरवर, कणकवली त्याहून थोडं लांब. दोन्हीकडून एसटी आणि रिक्षा मिळतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश धावतात, म्हणून जोडप्रवासाची वेळ ताणून धरू नये. चिपीचं विमानतळ २०२१ मध्ये सुरू झालं, पण उड्डाणं चालू आहेत ना, हे आधी तपासावं. गोव्यातलं मोपा हा दुसरा पर्याय. घाटातून गाडीनं येणाऱ्यांनी रस्ता खुला असल्याची खात्री करून निघावं. पावसाळ्यात जेवणाखाण्याच्या बऱ्याच जागा बंद असतात, त्यामुळे निवासाबरोबर जेवणही ठरवून घ्यावं. आणि जून ते ऑगस्टमध्ये पोहण्यासाठी समुद्रात उतरूच नये. चिवल्याचं पाणी मे महिन्यात ओळखीचं झालं असलं, तरी पावसाळ्यात ते ओळख ठेवत नाही.

सगळं एकाच फेरीत पाहण्याचा आग्रह सोडला तर निवड सोपी आहे. पाऊस आणि धामापूर हवं असेल तर जुलै, माणसं पाहायची असतील तर नारळी पौर्णिमा, किल्ला आणि पाण्याखालचं जग हवं असेल तर डिसेंबर-जानेवारी. मे महिन्यातल्या गर्दीतून काही कुटुंबं जरी या महिन्यांकडे वळली, तरी मालवणच्या पाण्यावरचा, रस्त्यांवरचा ताण हलका होईल आणि न्याहारी-निवास चालवणाऱ्या घरांना वर्षभर थोडं थोडं उत्पन्न मिळत राहील. पुढची सुट्टी ठरवताना शाळेच्या दिनदर्शिकेबरोबर भरती-ओहोटीचा तक्ताही जवळ ठेवा.