मनुष्याची पेशी व इतर जीवांच्या पेशी

पिकावर औषध मारणाऱ्या पुष्कळ शेतकरी बंधूंचा असा समज असतो कीं, किडीचें विष हें किडीपुरतेंच विष. मनुष्याची घडण निराळी, तेव्हां त्याला फार तर थोडी डोकेदुखी होईल. इ. स. २०१७ च्या खरीप हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें २० शेतकरी व शेतमजूर मरण पावले. हा समज किती घातक आहे हें ध्यानीं येण्यास मनुष्याचें शरीर व कीड, झाड, बुरशी आणि जंतु यांचीं शरीरें कशाचीं बनलेलीं आहेत, हें पाहणें अवश्य आहे. म्हणून तो विषय आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

घर जसें विटांचें, तसें सजीवाचें शरीर पेशींचें. इ. स. १६६५ मध्यें रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला, तेव्हां त्याला मधाच्या पोळ्यासारखीं लहान लहान रिकामीं घरें दिसलीं. पुढें १८३८ सालीं श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं व १८३९ सालीं श्वान यानें प्राण्यांविषयीं असें प्रतिपादन केलें कीं, दोहोंचीं शरीरें पेशींचींच आहेत. मनुष्याच्या शरीरांत सुमारें ३० लक्ष कोटि पेशी असतात. रक्तांतील तांबडी पेशी इतकी लहान कीं, एका मिलिमीटरांत अशा सुमारें १२५ पेशी एका रांगेंत मावतील.

प्रथम साम्य पाहूं. मनुष्य, बैल, बोंडअळी, ज्वारीचें ताट व तांबेरा, या सर्वांच्या पेशींची मांडणी मुळांत एकच आहे. प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचें एक पातळ पटल असतें. त्यास शेताच्या बांधाची उपमा शोभेल. आंत केंद्रक असतें. तें पेशीचें दप्तर. त्या दप्तरांत गुणसूत्रें असतात व त्यांवर त्या जीवाचा सारा लेख असतो. याखेरीज अन्नापासून शक्ति काढणाऱ्या तंतुकणिका असतात; त्या पेशीच्या चुली होत. गुणसूत्रांची संख्या मनुष्यांत ४६, गाईंत ६०, गव्हांत ४२, ज्वारींत २० व कांद्यांत १६ आहे. परंतु दप्तरें जास्त म्हणून खातेदार मोठा, असें आमच्या महसुली कामांतही कधीं नव्हतें व येथेंही नाहीं. कांद्याच्या १६ गुणसूत्रांत मिळून जो मजकूर आहे, तो मनुष्याच्या सुमारें पांचपट भरतो!

आतां भेद. वनस्पतींच्या पेशीस पटलाबाहेर आणखी एक कठीण भिंत असते. ती सेल्युलोजची असून तिच्या योगानें हाडांवांचून झाड उभें राहतें. शिवाय हिरव्या भागांतील पेशींत हरितकणिका असतात. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याचा हा कारखाना मनुष्यापाशीं नाहीं. बुरशीसही भिंत असते, परंतु ती कायटिनची. किडीचें कठीण कवच ज्या द्रव्याचें, तेंच हें द्रव्य. बुरशीला आपण वनस्पतींत गणतों खरें, पण वंशानें ती झाडांपेक्षां प्राण्यांना अधिक जवळची आहे. जंतूंची गोष्ट सर्वांहून निराळी. त्यांच्या पेशींत निराळें केंद्रकच नसतें, व त्यांची भिंतही वेगळ्याच द्रव्याची असते. पेनिसिलिन ही भिंत बांधूं देत नाहीं. मनुष्याच्या पेशीस भिंत नसल्यामुळें जंतु मरतो व रोगी वांचतो.

तथापि इतक्या दूरच्या जीवांतही नातें दिसतें. भुईमुगाच्या मुळावरील सशक्त गांठ नखानें फोडून पाहावी. आंत गुलाबी रंग दिसतो. तो रंग आपल्या रक्ताला तांबडेपणा देणाऱ्या द्रव्याच्याच जातीच्या एका द्रव्याचा आहे.

यावरून विषाचा न्याय उघड होतो. विष जेथें घाव घालतें, तें स्थान आपल्या पेशींत नसेल तर धोका कमी. असेल तर धोका आपणासही तितकाच. बी. टी. कापसांतील प्रथिन अळीच्या आंतड्यांतील विशिष्ट जागीं चिकटतें. मनुष्याच्या आंतड्यांत ती जागा नाहीं. उलट ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाचीं कीटकनाशकें मज्जातंतूंवर घाव घालतात. एका पेशीचा निरोप दुसरीस पोंचविणारें द्रव्य किडींत व मनुष्यांत एकच आहे, व काम झाल्यावर त्याचा निकाल लावणारें द्रव्यही बहुतांशीं सारखें आहे. हें दुसरें द्रव्य निकामी झालें कीं निरोप थांबतच नाहींत. मग लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायु फडफडतात व अखेर श्वास कोंडतो. पॅराक्वाट हें तर तणनाशक! पण तें पोटांत गेल्यास मनुष्याच्या फुप्फुसांतील पेशींचा नाश करतें, व त्यावर खात्रीचा उतारा नाहीं. तेव्हां 'तणाचें औषध' या नांवावर विसंबूं नये.

विष तोंडानेंच जातें असेंही नव्हे. पेशीचें पटल स्निग्ध असल्यानें तेलांत विरघळणारें विष कातडींतूनही आंत शिरतें. म्हणून आमची विनंति अशी कीं, डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहिल्यावांचून डबा उघडूं नये. तांबडा रंग अति जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, व सर्वांत सौम्य हिरवा. परंतु हिरवाही विषच. फवारतांना अंगभर कपडे, हातमोजे व तोंडावर आच्छादन असावें. वाऱ्याच्या उलट दिशेस तोंड करून फवारूं नये. औषध अंगावर सांडल्यास कपडे तात्काळ काढून अंग साबणानें धुवावें. वरील लक्षणें दिसतांच घरगुती उपायांत वेळ न दवडतां रोग्यास दवाखान्यांत न्यावें व औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. कारण कोणतें विष गेलें हें कळल्यावरच डॉक्टरांस योग्य उतारा देतां येतो.

सारांश, कीड व कुणबी यांच्या पेशींत अंतर आपण समजतों त्याहून पुष्कळ कमी आहे. मजुरास पंप हातीं देण्यापूर्वीं प्रत्येक मालकानें एवढी गोष्ट त्यास समजावून सांगावी.